आई-बाबांना ग्वाल्हेरहून पुण्याला कधी आणू, थंडीत की उन्हाळ्यात?

लष्करची_लेक
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण मनापासून मत हवंय, विशेष करून ज्यांनी ग्वाल्हेरचे दोन्ही ऋतू काढलेत त्यांचं.

आई-बाबा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या जुन्या वाड्यात राहतात, दोघंच. बाबा ७६, आई ७१. मी पुण्यात, भाऊ परदेशात. कायमचे इकडे या म्हटलं तर बाबा विषयच बदलतात, आणि खरं सांगू का, मलाही त्यांना तिथून उपटून आणायचं नाहीये, त्यांचे मित्र, सकाळचं फिरणं, ओळखीचे दुकानदार सगळं तिथेच आहे. पण खूप मिनतवाऱ्या केल्यावर एवढं कबूल झालंय की वर्षातून एकदा तीन-चार महिने पुण्याला येऊ. एकदाच हं. गोवा एक्सप्रेस घ्या नाहीतर झेलम, एवढा लांबचा प्रवास आता वर्षात दोनदा झेपत नाही म्हणतात आणि विमानाला आई तयार नाही.

तर ते तीन-चार महिने कुठले निवडू? आपल्याकडे मे-जूनमध्ये ४५-४६ आणि जानेवारीत एक-दोन डिग्री, वर तो कोहरा, म्हणजे दाट धुकं. दोन्हीमध्ये मला इथे रात्री झोप लागत नाही, फोन थोडा उशिरा उचलला तरी धस्स होतं.

बाबांना बीपी आहे, एक स्टेंट आहे, लघवीचं औषध आहे आणि प्रोस्टेटमुळे रात्रीत दोन-तीनदा उठावं लागतं. आईला दमा. वाडा तळमजल्याचा, जाड दगडी भिंती, मधे उघडा चौक आणि न्हाणीघर-संडास चौकाच्या पलीकडे. एक मोठा कूलर आहे, एसी नाही. हीटर बाबा लावू देत नाहीत, हवा कोरडी होते म्हणतात.

सगळे एकच सांगतात की थंडीत चार कपडे जास्त चढवता येतात पण उन्हाळ्यात कातडी थोडीच उतरवून ठेवता येते. तिशी-पस्तिशीच्या माणसाला हे ठीक आहे, पण ७६ वर्षांच्या माणसाला पण हेच लागू पडतं का? शिवाय बाबांना डिसेंबरातला तानसेन समारोह चुकवायचा नाही आणि आईला मेमधली वाळवणं सोडायची नाहीत, म्हणजे नाही म्हणायला दोघांकडेही कारण तयार आहे.

कंपूवाला
ताई, दुसरा विचार करूच नका, उन्हाळ्यात घेऊन जा.

सांगतो का ते. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ च्या आसपास असतं, बाहेरची हवा त्याच्यापेक्षा गरम झाली की अंगातली उष्णता हवेत जायचं बंद होतं आणि उलट हवेतली अंगात यायला लागते. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे उपाय जबरदस्त आहे, पण त्यासाठी घाम यायला पाहिजे आणि तो यायला अंगात पाणी पाहिजे. म्हाताऱ्या माणसांचं दोन्हीकडे अडतं. तहान लागल्याचं कळत नाही आणि घामही कमी येतो. त्यात बाबांना लघवीचं औषध, म्हणजे पाणी आणखी बाहेर. रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच कमी प्यायचं, हे तर आमच्या घरी पण चालायचं.

लोक म्हणतात पंखा लावा. हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा माणसाला आणखी तापवतो, जागतिक आरोग्य संघटना पण ४० च्या वर पंख्यावर भिस्त ठेवू नका असंच सांगते.

आणि अहमदाबादचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. मे २०१० मध्ये तिथे जी लाट आली त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त गेली. त्याच्यानंतर २०१३ मध्ये त्यांनी उन्हाच्या लाटेसाठी शहराचा आराखडा केला, दक्षिण आशियात तो पहिला. यातल्या किती जणांच्या दाखल्यावर उष्माघात लिहिलं असेल? बहुतेकांचं हृदय बंद पडलं असंच लिहिलं जातं. उन्हाळ्याचे बळी मोजलेच जात नाहीत म्हणून आपल्याला तो सोपा वाटतो, याचा मला फार राग येतो. आमच्या साइटवरचे मजूर मेमध्ये दुपारी सळया उचलतात, हात भाजतात त्यांचे. कुवैतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे, आपल्याकडे ठेकेदाराला दया आली तर सुट्टी.

नौतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या आधी गाडीत बसवा त्यांना.

दौलतगंजकर
मी जरा उलट बोलणार आहे. आमचाही वाडाच आहे, लेकताईंनी सांगितला तसाच चौक, तशाच भिंती, म्हणून हक्काने बोलतो.

आमचा वाडा उन्हाळ्यात त्रास देत नाही. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, चालू असते तेव्हा दुपारी माजघरात दारं लावून खसच्या ताट्यांचा कूलर चालू केला की अंगावर चादर घ्यावीशी वाटते, यात काडीची अतिशयोक्ती नाही. हात-हातभर जाडीच्या दगडी भिंती तापायलाच दिवस जातो. आपल्या पूर्वजांनी घरं बांधली ती उन्हाळ्यासाठी. किल्ल्यावर मानसिंग तोमरांचा महाल बघा, खाली जमिनीत दोन मजले उतरलेत आणि वारा-उजेड यायला भोकं ठेवलीत. सगळी हुशारी गारव्यासाठी.

थंडीचा विचार या घरांमध्ये कोणी केलाच नाही. दारांना खाली बोटभर फट, खिडक्यांची लाकडं वाकलेली, फरशी दगडी, आणि मधे आभाळापर्यंत उघडा चौक. गेल्या जानेवारीत मी माजघरात थर्मामीटर लावून ठेवला होता कारण आईची बोटं निळसर दिसायला लागली होती. सकाळी ९-१० डिग्रीच्या वर जायचा नाही, आणि कोहऱ्याचे जे दिवस असतात ना, सूर्यच नाही, बाहेर दिवसाचं जास्तीत जास्त तापमान १२-१३, त्या दिवशी दुपारी पण आत १२. म्हणजे माणूस आठवडाभर चोवीस तास त्या थंडीत बसलेला. रजईत ऊब आहे पण रजईत किती वेळ राहणार, जेवायला, संडासला, पूजेला उठावंच लागतं.

लेकताई, तुमच्या बाबांचं रात्री दोन-तीनदा उठणं वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. गरम रजईतून उठून तीन डिग्रीच्या उघड्या चौकातून चालत जायचं. अंगाला एकदम गार लागलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी झटकन चढतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. स्टेंटवाल्या माणसाने पहाटे हे करणं मला अजिबात पटत नाही. वर चौकाची फरशी दवाने निसरडी झालेली असते ते वेगळंच.

माझं मत थंडीत न्या. पुण्याला रात्री १०-१२ असलं तरी दिवसा २८-३० आणि लख्ख ऊन.

गोरखी_ते_एडमंटन
मी मूळचा ग्वाल्हेरचाच, महाराज बाड्याच्या चौकाजवळचा, आता बरीच वर्षं कॅनडात. दौलतगंजकरांनी अगदी नेमकं लिहिलंय, त्याला जोडून सांगतो.

इथे हिवाळ्यात काही दिवस उणे ३०, कधी उणे ३५ पण. वाऱ्यासकट थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्यामुळे नाक-कान झाकल्याशिवाय कचरा टाकायला पण कोणी जात नाही. गाडीच्या इंजिनाला हीटर असतो, रात्री त्याची पिन भिंतीतल्या प्लगला लावून ठेवावी लागते नाहीतर सकाळी गाडी उठतच नाही. हे सगळं ऐकून आई रडायला आली होती. पण घरात? घरात २१ डिग्री, बारा महिने, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मला आयुष्यात सगळ्यात जास्त थंडी वाजली ती लष्करच्या घरात जानेवारीत, इथे नाही.

युरोपातली आकडेवारी बघितली तर हेच दिसतं. हिवाळ्यात मृत्यू वाढण्याचं प्रमाण पोर्तुगाल, स्पेनसारख्या देशांत फिनलंड-स्वीडनपेक्षा जास्त निघालंय, कारण तिकडची घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत, तीन महिने काढू कसेतरी म्हणून लोक कुडकुडत बसतात. ग्वाल्हेरचं तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांबद्दल जी सूत्रं काढली त्यात घराच्या आत कमीत कमी १८ डिग्री हवेत असं म्हटलंय, आणि म्हातारे किंवा आजारी असतील तर त्याहून जास्त. दौलतगंजकरांच्या माजघरात ९. अर्धे!

अजून एक. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये तेरा देशांच्या सुमारे ७.४ कोटी मृत्यूंचा अभ्यास आला होता, त्यात एकूण मृत्यूंपैकी थंडीमुळे झालेले ७.२९ टक्के आणि उष्णतेमुळे झालेले ०.४२ टक्के निघाले. आणि त्यातली कडाक्याची थंडी अगदी थोडी, बहुतेक मृत्यू त्या मधल्या, रोजच्या, कोणी बातमी पण देत नाही अशा थंडीतले. भारतातल्या मृत्यूंवर २०१८ मध्ये असाच अभ्यास झाला, तिथेही मध्यम थंडीच भारी ठरली. ऊन दोन-चार दिवसांत माणूस पाडतं म्हणून दिसतं. थंडीचं तसं नसतं, आधी बीपी, मग छातीत कफ, मग न्यूमोनिया, महिनाभराने माणूस जातो आणि थंडीचं नाव कुठेच येत नाही.

कंपूवाला
एडमंटनवाले दादा, तुमचे आकडे खरे असतील पण ते आकडे वापरून उन्हाळ्याला हलकं समजू नका एवढीच विनंती. तेरा देशांतले बरेचसे थंड देश आहेत. २००३ मध्ये युरोपात उन्हाच्या लाटेत ७० हजारांवर माणसं गेली, बरीचशी म्हातारी, एकटी राहणारी.

आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हणजे फक्त मे धरू नका. मेमध्ये ४५ डिग्री असते पण हवा कोरडी, दमटपणा १०-१२ टक्के. अशा हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २२-२३ दाखवतो, म्हणून कूलर चालतो, घाम वाळतो, माठातलं पाणी गार होतं. तोच थर्मामीटर जुलैमध्ये, हवा ३६ आणि दमटपणा ७० टक्के असताना, ३१ दाखवतो. पूर्वी ३५ ही माणसाची हद्द मानायचे, २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण निरोगी लोकांवर प्रयोग करून बघितलं तर शरीर ३०-३१ लाच हार मानायला लागतं असं दिसलं. तरुण निरोगी! जुलैमध्ये कूलर लावला तर खोलीत नुसता दमटपणा वाढतो, कपाटातल्या कपड्यांना वास येतो आणि माणूस चिकचिक होऊन बसतो. वाड्याच्या जाड भिंती तेव्हा काही कामाच्या नाहीत. लेकताई, बाबांना जुलैमध्ये कसं होतं ते आईंना विचारा, मेबद्दल नाही.

लष्करची_लेक
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, एकेक ओळ दोनदा वाचतेय.

आईला आत्ताच फोन केला. कंपूवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, मेमध्ये काही वाटत नाही म्हणाली, माजघरात गारच असतं, पण पाऊस पडून गेल्यावर जे ऊन पडतं त्या दिवसांत बाबा अस्वस्थ होतात, जेवण जात नाही, दुपारी उठल्यावर चक्कर येते. चक्कर बीपीच्या गोळीमुळे पण असू शकते का?

आणि थंडीचं विचारलं तर आधी काही नाही काही नाही, मग हळूच सांगितलं की गेल्या जानेवारीत तिला दोनदा नेब्युलायझर घ्यावा लागला आणि बाबा पहाटे चौकात एकदा बसले होते, पडले नाहीत, बसले. मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता सांगा.

मुरारच्या_काकू
अगं पोरी, आई-वडील सांगत नाहीत, तेही तुझ्या काळजीनेच. रागावू नकोस त्यांच्यावर.

मी आमच्या औषधाच्या दुकानात बसते, खूप वर्षं झाली, त्यामुळे कुठल्या महिन्यात काय जास्त खपतं ते माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत इनहेलर आणि नेब्युलायझरची औषधं मागवून मागवून पुरत नाहीत. नुसती थंडी नाही गं, धूर. थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि जड, वर गरम हवेचं झाकण, खालचा धूर वर जातच नाही. शेकोट्या, टायर, कचरा, गाड्या सगळं त्या कोहऱ्यात मिसळतं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या शहरांची हवेची यादी काढली होती, बारीक धुळीत आपलं ग्वाल्हेर दुसरं आलं होतं. तेव्हापासून सुधारणा झाली असेल पण जानेवारीत संध्याकाळी सातला बाहेर उभं राहून बघ, घसा सांगतो. दम्याच्या माणसाला रजई कितीही घातली तरी श्वास तर तीच हवा घेणार ना. थंडीवर हीटर आहे, त्या धुरावर वाड्यात उपाय नाही, दारांच्या फटीतून आत येतो.

चक्करेचं म्हणशील तर हो, उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, घामाने पाणी जातं, आणि गोळी तीच राहते, म्हणून बीपी खाली जाऊ शकतं. थंडीत उलट, वर. पण गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही, मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांना दाखवून विचारायचं की ऋतू बदलतोय, डोस हाच ठेवायचा का. एवढी साधी गोष्ट कोणी करत नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं, जे कोणी वाचत असतील त्यांना. हीटर नको म्हणून सिगडी खोलीत घेऊन दार लावून झोपू नका, कृपा करून नका. कोळशाच्या त्या वायूला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. दर थंडीत पेपरात येतं आणि दर थंडीत लोक तेच करतात.

डीडीनगर_तिसरा_मजला
वाचून मला वाटलं की आमचं उदाहरण पण इथे असावं, कारण शहर तेच आणि उत्तर बरोबर उलटं.

माझे आई-वडील फ्लॅटमध्ये, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर गच्ची, पश्चिमेला बेडरूमची भिंत. मेमध्ये रात्री अकराला भिंतीला हात लावला तर चटका बसतो, छतातून अक्षरशः उष्णता खाली उतरते, बाहेर हवा थोडी निवलेली असते पण आत ३६-३७ पहाटेपर्यंत. शरीराला रात्री विश्रांतीच मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस आदल्या दिवसाचा थकवा घेऊन परत उन्हाला सामोरा. हवामान खातं गरम रात्रीचा इशारा वेगळा देतं तो याचसाठी, पण लोक फक्त दुपारचा आकडा बघतात. एसी आहे, पण लाइट गेली की इन्व्हर्टर एसी ओढत नाही.

हिवाळ्यात मात्र त्याच फ्लॅटमध्ये मजा आहे, खिडक्या घट्ट, संडास खोलीला लागून, दिवसभर ऊन, छोटा हीटर तासभर लावला की पुरतं. म्हणून मी त्यांना एप्रिलच्या शेवटी बहिणीकडे इंदूरला सोडतो, मालव्यात दिवसा ४० झाले तरी रात्री वारा सुटतो आणि झोप लागते. पाऊस नीट लागला की परत.

तर लेकताई, लोक डोळे मिटून उन्हाळा सांगतात किंवा हिवाळा सांगतात ते आपापल्या घराचं सांगतात. तुमचा तळमजल्याचा वाडा, संडास लांब, आईंना दमा, बाबांचं रात्रीचं उठणं. माझ्या मते तुमच्यासाठी थंडी.

दौलतगंजकर
१००% सहमत. आणि तारखांचं बोलायचं तर खरी कडाक्याची थंडी आपल्याकडे डिसेंबर संपता संपता सुरू होते ते जानेवारी अखेरपर्यंत, फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारी स्वेटर उतरतो. पण दम्याच्या माणसाला मार्चच्या आधी परत आणू नका. तानसेन समारोह ऐकून लगेच निघा, कोहरा एकदा बसला की गाड्या आठ-आठ, दहा-दहा तास लेट होतात आणि थंडीत फलाटावर म्हाताऱ्या माणसांना बसवून ठेवणं म्हणजे ज्याच्यापासून वाचवायचं त्याच्याच तोंडी देणं. समारोहाला रात्रीच्या सभेला जाताना कानटोपी, पायात दोन मोजे, आणि शक्य असेल तर सकाळच्या सभा ऐका म्हणावं, गाणं तेच, ऊनही मिळतं.

एक सुचवू का? या वर्षी निघेपर्यंतचे जे दिवस आहेत त्यासाठी तरी बाबांच्या पलंगाजवळ युरिन पॉट ठेवा. लाज वाटते त्यांना, आमचे नाना पण महिनाभर रुसले होते, मग स्वतःच मागायला लागले. आणि उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, शाल घ्यायची, मग उभं राहायचं. पहाटे पाचची आंघोळ नऊला करा, देव रागावत नाही.

गोरखी_ते_एडमंटन
हीटरबद्दल थोडं. तेलाचा रेडिएटर येतो ना, तो घ्या, त्याला पंखा नसतो, तार लाल होत नाही, हवा फुंकत नाही म्हणून डोळे-घसा कमी कोरडे पडतात, बाबांची तक्रार बरीचशी मिटेल. पण २,००० वॅटचा असेल तर जवळपास ९ अँपिअर ओढतो, वाड्यातल्या जुन्या वायरिंगच्या साध्या पाच अँपिअरच्या पॉइंटवर लावू नका, इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, एक्स्टेंशन बोर्डवर तर नाहीच. सगळा वाडा गरम करायला जाऊ नका, दोघांची एक आतली खोली पकडा, दाराखालच्या फटीला जुनं गोधडं लावा आणि भिंतीवर थर्मामीटर टांगा. १८ दिसेपर्यंत हीटर चालू, यात वाद नको.

कंपूवाला
ठीक आहे, थंडीत नेताय तर न्या, तुमच्या घराचं गणित मला पटलं. पण मग उन्हाळ्यात ते दोघं तिथेच असणार हे विसरू नका, त्याची तयारी मार्चमध्ये परत आले की लगेच.

माजघरात एक एसी बसवाच, मेसाठी नको, जुलै-ऑगस्टसाठी. बाबा बिलाचं कारण सांगतील, तुम्ही परस्पर भरा. कूलर ठेवा, तो इन्व्हर्टरवर चालतो, लाइट गेली तर मे-जूनमध्ये तोच कामाला येईल. पाणी एक दिवसाआड झालं तर कूलरला पाणी कुठून येणार त्याची टाकी आधीच बघून ठेवा. कैरीचं पन्हं, ताक, ओआरएस घरात, पण स्टेंट आणि लघवीचं औषध असल्यामुळे दिवसाला पाणी किती आणि मीठ किती हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, भरपूर प्या असं मोघम नको. आणि शेजारचं कोणीतरी दुपारी आणि रात्री डोकावून जाईल असं ठरवा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं, झोकांड्या जातायत, तर ताप समजून गोळी देत बसायचं नाही, सरळ अंगावर पाणी ओतायचं, ओली चादर, पंखा, आणि दवाखाना. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर गेलं की मिनिटं मोजायची असतात. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

लष्करची_लेक
ठरलं. थंडीतच आणते.

बाबांशी बोलले, समारोहाची शेवटची सभा झाली की निघायचं म्हणाले, आईने अट घातलीय की संक्रांतीचं हळदीकुंकू पुण्यात करायचं आणि गजक ग्वाल्हेरहूनच नेणार, दोन्ही मान्य. पॉट आणि थर्मामीटर इथूनच पाठवतेय, रेडिएटरसाठी वायरमनला उद्या बोलावलंय, बाबांना सांगितलंय की आईच्या दम्यासाठी आहे, मग गप्प बसले. एसीचं मार्चमध्ये. डॉक्टरांची वेळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेतलीय, काकू, तुम्ही म्हणालात तसं डोसचं विचारणार आहे आणि जुलैतल्या चकरेचं पण.

कंपूवाले दादा, तुमचा उन्हाळ्याचा भाग प्रिंट काढून माजघरात लावणार आहे.

दौलतगंजकर
छान. तिकीट मात्र आजच बघा, आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरअखेरच्या लोअर बर्थ पहिल्याच दिवशी जातात. दोघांनाही ज्येष्ठांच्या कोट्यातून टाका. गाडी रात्री-बेरात्री लेट झाली तर आमचं घर स्टेशनपासून लांब नाही, निरोप टाका, थर्मासमध्ये चहा घेऊन येतो.